‘कमकुवत’ विषाणू आणि ‘कमकुवत’ लस

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या आरोग्य पुरवणीत गोवर-रुबेला लशीची माहिती आली होती. त्यात एक वाक्य होतं, ‘या लशीत कमकुवत विषाणू असतात.’ त्याच अंकात आतल्या पानावर दुसरी बातमी होती, वीज गेल्याने फ्रीजमधल्या लशी ‘कमकुवत’ झाल्याची. दुसऱ्या दिवशी शेजारची सून नऊ महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन दोन्ही पानं माझ्यापुढे घेऊन आली. म्हणाली, “काकू, पेपरातच लिहिलंय लस कमकुवत असते म्हणून. मग ती पोराला टोचायची कशाला? उगाच ताप यायचा अंगात.”

मी ३१ वर्षं पाटण तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर आरोग्य सेविका होते. लशीचा निळा डबा खांद्याला अडकवून किती डोंगर चढले, त्याची गणती नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे. चूक त्या मुलीची नाही. तिने वाचलं ते बरोबर वाचलं. आपण दोन अगदी उलट गोष्टींना एकच शब्द वापरलात.

गोवराच्या लशीतला विषाणू जिवंत असतो, पण त्याची आजार देण्याची ताकद मुद्दाम काढून घेतलेली असते. तो अंगात शिरतो, थोडा वाढतो, शरीर त्याला ओळखायला शिकतं आणि पुढे खरा गोवर आला तर त्याला उंबऱ्यावरच अडवतं. विषाणू दुबळा, म्हणूनच लस दमदार. फ्रीज बंद पडल्यावर होतं ते वेगळं. उष्णतेने तो विषाणू मरतो आणि मग ती लस देणं म्हणजे नुसतं पाणी टोचल्यासारखं होतं. ती लस फेकून द्यायची असते. एक दुबळेपण माणसाने वर्षानुवर्षं खपून कमावलेलं, दुसरं निष्काळजीपणाने ओढवलेलं. दोन्हींना ‘कमकुवत’ म्हटलं तर वाचणाऱ्याने काय समजायचं?

आपल्या मराठीला शब्दांची वानवा नाही. जोर कमी होण्याला माझ्या सासूबाई दिवसभरात किती शब्द वापरायच्या! ताप उतरतो, पूर ओसरतो, वारा पडतो. राग निवळतो. कापड विरतं, रंग विटतो, विळ्याची धार बोथटते. ताक पाणचट, चहा फिका, आमटी पातळ, दिवा मंद, नजर अधू. रान वर्षानुवर्षं एकाच पिकाखाली राहिलं की त्याचा कस जातो, आणि जुन्या औषधाचा गुण जातो. हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. पूर विटत नाही आणि रंग ओसरत नाही. ‘कमकुवत’ म्हणजे ज्याची कुवत कमी तो. फारसीतून येऊन घरचाच झालेला चांगला शब्द आहे. पण हल्ली रुपया कमकुवत, मान्सून कमकुवत, पूल कमकुवत, सरकार कमकुवत आणि आता लसही. त्या शब्दाला आपण सगळीकडे राबवतो आहोत.

नोकरीच्या सुरुवातीला मलाही नेमका शब्द सापडत नव्हता. प्रशिक्षणात सांगितलं होतं, ‘क्षीण केलेले जिवंत जंतू’. तेच मी एका वाडीत बोलले, तर एक म्हातारी म्हणाली, “क्षीण कशाला, चांगले टोच की.” तिला ‘क्षीण’ म्हणजे आजारी माणूस एवढंच माहीत होतं. त्यावर काय बोलावं मला सुचेना. मग तिथेच चुलीवर सुरण शिजत होता, तो दिसला. मी विचारलं, “आजी, सुरणात चिंच का घातली?” म्हणाली, “खाज मारायला.” मी म्हटलं, “सुरण मारलात का?” “न्हाई, खाज मारली.” मी म्हटलं, “आम्हीपण जंतूची खाज मारलीय, जंतू तसाच ठेवलाय.” म्हातारी हसली आणि नातवाला तिनेच मांडीवर धरलं. पुढे बाकीच्या वाड्यांवर मी विंचवाचं उदाहरण देऊ लागले. नांगी मोडलेला विंचू पोराच्या हातावर चालला तरी डसत नाही, पण पोर विंचू ओळखायला शिकतं. ‘नांगी मोडलेला जंतू’ हे शब्द माझ्या भागात अजून आया बोलतात.

ही नांगी मोडायला किती काळ लागतो, तेही एकदा छापा. बीसीजी या क्षयाच्या लशीच्या नावातली शेवटची दोन अक्षरं काल्मेत आणि गेरँ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांची आहेत. लील शहरात १९०८ साली त्यांनी गाईंच्या क्षयाचा जंतू घेतला आणि बैलाच्या पित्तात शिजवलेल्या बटाट्यावर तो वाढवायला सुरुवात केली. साधारण तीन आठवडे झाले की नव्या बटाट्यावर. असं २३० वेळा, तेरा वर्षं. मध्ये पहिलं महायुद्ध होऊन गेलं. १९२१ मध्ये ती लस पहिल्यांदा एका बाळाला दिली गेली. आपल्या डाव्या दंडावर जो वण असतो, तो या तेरा वर्षांच्या कामाचा. याला ‘कमकुवत’ म्हणताना माझा जीव वर-खाली होतो. रानटी जनावर पिढ्यान्‌पिढ्या गोठ्यात वाढवून माणसाळवावं, तसा तो जंतू माणसाळवलेला आहे.

सगळ्याच लशी अशा नसतात, हेही लोकांपर्यंत जायला हवं. डांग्या खोकल्याच्या आपल्या सरकारी लशीत मेलेले जंतू असतात. धनुर्वात आणि घटसर्पाच्या लशीत जंतू नसतोच, त्याचं विष असतं आणि तेही मारलेलं. पोलिओचे थेंब जिवंत विषाणूचे, आणि दंडावर देतात ती पोलिओची सुई मेलेल्या विषाणूची. म्हणजे नांगी मोडलेला, मेलेला आणि विष मारलेलं, अशा तीन तऱ्हा. ‘निर्जीव’, ‘निष्क्रिय’, ‘सौम्य’, ‘कमकुवत’ हे शब्द बातम्यांतून वाटेल तसे फिरतात, त्यात या तिन्हींचा काला होतो. जिवंत लशीला जिवंतच म्हणायला हवं, कारण गरोदर बाईला आणि ज्याची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे अशा मुलाला ती टाळावी लागते. पोलिओच्या थेंबांतला विषाणूही, जिथे लसीकरण कमी असतं तिथे, क्वचित पुन्हा जोर धरू शकतो. म्हणून २५ एप्रिल २०१६ पासून आपल्या देशात थेंबांतला दुसऱ्या प्रकारचा विषाणू काढून टाकला. हे लपवायचं कारण नाही. नीट शब्दांत सांगितलं की लोक घाबरत नाहीत, हा माझा अनुभव आहे. घाबरतात ते अर्धवट शब्दाने. २०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली, तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात पालकांचे प्रश्न ऐकून मी हेच पाहिलं.

आता दुसरं दुबळेपण, लशीचं. ते सांभाळण्यात माझी अर्धी नोकरी गेली. बीसीजी आणि गोवराची बाटली एकदा पाणी घालून विरघळवली की चार तासांच्या आत संपवायची, नाहीतर टाकायची. फोडल्याची वेळ बाटलीवर लिहायची. त्या लशीबरोबर आलेलंच पाणी वापरायचं, दुसरं नाही. पोलिओच्या बाटलीवर गोलात एक छोटा चौकोन असतो. तो गोलापेक्षा फिकट असेपर्यंत लस चांगली. चौकोन आणि गोल सारखे दिसू लागले की गुण गेला. उलट धनुर्वाताची लस गोठली तर वाया जाते. म्हणून डबा भरताना बर्फाची पाकिटं लगेच घालायची नाहीत. ती बाहेर ठेवायची, त्यांना घाम सुटला आणि हलवल्यावर आत पाणी वाजलं की मगच घालायची. एका पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं आणि मी सहा तास अलीकडच्या काठावर अडकले. सकाळच्या सत्रात फोडलेल्या गोवराच्या बाटलीतले चार डोस मला तिथेच बाद करावे लागले. पलीकडच्या वाडीतली चार मुलं त्या महिन्यात राहिली. त्यांची नावं मला अजून पाठ आहेत. अशा लशीला आम्ही कधी ‘कमकुवत’ म्हणालो नाही. ‘बाद’ म्हणायचो, नाहीतर ‘पॉवर गेली’. शेतकऱ्यांना ते ताबडतोब कळायचं, कारण फवारणीच्या औषधाबद्दल ते तेच बोलतात.

माझी विनंती एवढीच आहे. विषाणूबद्दल लिहाल तेव्हा ‘क्षीण केलेला’ किंवा ‘नांगी मोडलेला’ लिहा, आणि ‘केलेला’ हा शब्द गाळू नका. मुद्दाम कोणीतरी केलं, हे त्या एका शब्दातून कळतं. लशीबद्दल लिहाल तेव्हा ‘गुण गेलेली’, ‘बाद झालेली’ किंवा ‘निकामी’ लिहा. शहरातल्या वाचकाला ‘नांगी मोडलेला’ गावंढळ वाटेल अशी शंका असेल, तर पुण्या-मुंबईतही विंचू सगळ्यांना ठाऊक आहे.

शेजारच्या सुनेला मी हे सगळं एका बैठकीत सांगितलं. ती काही बोलली नाही. दोन्ही पानं घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली आणि विचारलं, “सुरणाला चिंच किती घालायची, काकू?” आमच्या उपकेंद्रात लसीकरण येत्या मंगळवारी आहे. त्याआधी, जमल्यास रविवारच्या अंकात, त्या वाक्याची दुरुस्ती छापावी. पुरवणी जिथे होती त्याच पानावर, चौकटीत. आमच्या गल्लीत आपला पेपर सात घरांत येतो आणि त्यातल्या तीन घरांत वर्षाच्या आतली बाळं आहेत.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका
ता. पाटण, जि. सातारा