चिऊ इथेच पहिलीत बसली

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तीनदा ओठांवर आलं आणि गिळलं, म्हणून लिहितेय. जूनमध्ये चिऊला मिरजेत पहिलीत घालायचं ठरलं होतं, ते होणार नाही. इथे जपानात शाळा एप्रिलमध्येच सुरू होते. टोकियोतल्या आमच्या निशि-कासाई भागातल्या सरकारी शाळेत तिचं नाव घातलं आणि तीन आठवडे झालेसुद्धा.

बाबा, तुम्ही रागावणार नाही, नुसते गप्प बसाल, त्याचीच मला भीती वाटते. भारतीय शाळेची फी झेपत नाही, बालवाडीतल्या मैत्रिणी सगळ्या इकडेच, आणि मध्येच उपटून तिकडे लावायचं म्हणजे... दादाच्या वेळचं मी विसरलेले नाही. तसं होऊ देणार नाही. घरी मराठीच बोलतो, बाराखडी ल पर्यंत आलीय.

आई, खाण्याचं ऐक. महिन्याभराच्या जेवणाचा तक्ता आधीच घरी येतो. पण इथे साध्या सूपलाही माशाचं पाणी लागतं, म्हणून तिचा डबा घरून असतो. दूध मात्र सगळ्यांबरोबर. वाढायचं काम मुलंच करतात. गेल्या आठवड्यात हिची पाळी होती: पांढरा अंगरखा, टोपी, मास्क, आणि स्वतःच्या डब्यात पोळी-भाजी असून दुसऱ्यांना भात वाढणं! शुक्रवारी तो अंगरखा घरी येतो, धुऊन इस्त्री करून सोमवारी पुढच्या मुलासाठी द्यायचा. इस्त्री करताना तुझा गरम पाण्याचा तांब्या आठवला, माझ्या रिबिनींवरून फिरवायचीस तो.

वर्गही मुलंच पुसतात. शिक्षा म्हणून नाही, रोजचंच आहे ते. त्यासाठी घरून दोन फडकी शिवून मागवली होती. एक मी बाबांच्या पंचाचं शिवलं, मागच्या खेपेला इथे राहिला होता तो. चौपदरी घडी, कडेनं टीप, मध्ये फुलीसारखी टीप. त्यावर दोन्ही तळवे टेकायचे, पाठ वर काढायची आणि फरशीवर पळत सुटायचं. अजून सहावीची मुलं मदतीला येतात. चिऊ दोनदा नाकावर आपटली, हसत उठली.

आता बाबांचं. हो, चालतच जाते. पिवळी टोपी, दप्तरावर पिवळं कव्हर, म्हणजे गाडीवाल्याला लांबून कळतं की पहिलीतलं पोर आहे. पट्ट्याला ओढला की कर्कश वाजणारा बझर. चौकात शेजारचे आजोबा झेंडा घेऊन उभे असतात. तरी मी चार दिवस शीतपेयांच्या मशिनाआड उभी राहून बघत होते. तुम्ही मला पोस्टाच्या कोपऱ्यापर्यंत सोडून चिंचेमागे थांबायचात, ते मला माहीत होतं बाबा. कधी बोलले नाही.

तिकडे दीड वाजतो तेव्हा इथे पाच. वस्तीत भोंग्यावर धून वाजते, मुलं घरी पळतात. त्यानंतर अर्ध्या तासानं फोन करा, ती वाट बघते. जुलैच्या वीसच्या सुमारास सुट्टी लागते, तेव्हा आम्ही येतोय. तिकिटं काढलीत, म्हणून आता "बघू" म्हणू नका.

बाबांनी बीपीची गोळी जेवणानंतर नाही, सकाळीच घ्यायची. आई, स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढायचं नाही. शेजारच्या पोराला हाक मार. न्हाणीघरात पायपुसणं बदल, ते घसरतं.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, पंचा परत मिळणार नाही. नवा घ्या.