कलरमधला यू आणि कापलेला अर्धा मार्क

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात आमची लेक, पाचवीत आहे, डिक्टेशनची वही घेऊन फुरंगटून बसली होती. कलरचं स्पेलिंग तिने सी-ओ-एल-ओ-आर लिहिलं, टीचरनी लाल पेनाने गोल करून मध्ये यू घुसवला आणि अर्धा मार्क कापला. तिचं म्हणणं, बाबा तुमच्या फोनमध्ये यू घालून लिहिलं की खाली लाल रेघ येते, मग खरं कोणाचं? फोनची सेटिंग अमेरिकन इंग्लिशवर आहे हे मला तेव्हा कळलं, पण तिला काय उत्तर द्यायचं ते काही सुचेना.

मग रात्री जरा वाचत बसलो. हा यू काढणारा माणूस म्हणजे अमेरिकेचा नोआ वेबस्टर. 1806 साली त्याने छोटी डिक्शनरी काढली, 1828 ला मोठी, आणि त्यात स्वतःला पटतील तशी सोपी स्पेलिंगं सरळ छापून टाकली. कलरचा यू गेला, सेंटरचं शेवटचं आर-ई उलटं होऊन ई-आर झालं, ते लोकांनी घेतलं. पण त्याच गड्याने टंगचं स्पेलिंग टी-यू-एन-जी करून बघितलं ते कोणी घेतलं नाही. म्हणजे थोडं चाललं, थोडं पडलं.

याच्या उलट 1906 ची गंमत. अँड्र्यू कार्नेगी या अमेरिकन पोलाद उद्योगपतीच्या पैशावर स्पेलिंग सोपं करायचं एक मंडळ निघालं, त्यांनी 300 शब्दांची यादी केली आणि थिओडोर रूझवेल्ट म्हणजे अमेरिकेच्या खुद्द राष्ट्राध्यक्षांनी सरकारी छापखान्याला हुकूम सोडला की आजपासून असंच छापा. थ्रू म्हणजे टी-एच-आर-यू, किस्ड म्हणजे के-आय-एस-टी. पेपरवाल्यांनी इतकी टर उडवली आणि संसदेनेही असा विरोध केला की त्याच वर्षी डिसेंबरात साहेबांना हुकूम मागे घ्यावा लागला. बर्नार्ड शॉने तर मृत्युपत्रात इंग्लिशच्या नव्या लिपीसाठी पैसे ठेवले होते, 1962 साली त्याचं एक नाटक त्या लिपीत छापूनही झालं, पुढे ती लिपी वापरतंय कोण.

आता आपल्याकडे कोणीही म्हणतं की इंग्रजांनी देवनागरीसारखं बोलतात तसं लिहावं, विषय संपला. मीपण असंच म्हणायचो, पण बोलतात तसं म्हणजे कोण बोलतात तसं? ब्रिटिश शेड्यूल म्हणतात, अमेरिकन स्केज्युल, मग एका शब्दाची दोन स्पेलिंगं होणार आणि पोरांना दोन्ही पाठ करावी लागणार. शिवाय साइनमधला जी मुका असला तरी सिग्नलमध्ये तोच बोलतो, तो काढला तर दोघांचं नातंच दिसणार नाही, म्हणून सगळंच पुसून नवीन लिहा या मताचा मी नाही.

पण काही अक्षरं निव्वळ मिरवायला घातलेली आहेत, त्यांचा मला राग येतो. कर्ज या अर्थाच्या डेटमध्ये बी मुळात नव्हताच, फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा तो डी-ई-टी-टी-ई असा होता, नंतर विद्वानांना वाटलं लॅटिनमध्ये डेबिटम आहे तर आपल्यातही बी दिसला पाहिजे, दिला घुसवून. आयलंडमधल्या एसची तर चूकच आहे, दुसऱ्याच शब्दाशी घोळ घालून तो आत आला. आणि आज आमची पोरगी त्या विद्वानांपायी मार्क घालवते.

यात आपण फार शहाणे असंही नाही. माझ्या आजोबांच्या पत्रात नांव, कांही, करूं असे अनुस्वार पानभर सांडलेले असायचे. 1962 साली, म्हणजे शॉचं नाटक छापलं त्याच वर्षी, मराठी लेखनाचे नवे नियम आले आणि ते न बोलले जाणारे अनुस्वार गेले. आजोबांनी शेवटपर्यंत सोडले नाहीत, वडिलांनी घातले नाहीत, आणि दोघं एकमेकांची पत्रं व्यवस्थित वाचत होते. (ऱ्हस्व-दीर्घाचं मात्र विचारू नका, या पत्रातही चार सापडतील, तुम्ही दुरुस्त करालच.)

म्हणून माझी मागणी लहानशी आहे. इंग्रजी सुधारणं आपल्या हातात नाही, पण पेपर तपासणं आहे ना. जे स्पेलिंग एखाद्या मान्य डिक्शनरीत छापलेलं आहे, ब्रिटिश असो की अमेरिकन, त्याला पूर्ण मार्क द्या, फार तर एका पेपरात एकच पद्धत वापरा असं सांगा. शाळांना हे बोर्डाने किंवा शिक्षण खात्याने एका ओळीत लिहून कळवलं तरी पुरे. टीचरना मी भेटलो, त्या चांगल्या आहेत, म्हणाल्या मला पटतंय हो, पण पुस्तकात यू आहे आणि मला पुस्तकाप्रमाणेच तपासायला सांगितलंय.

अर्धा मार्क काही परत मिळाला नाही. सध्या घरात वेड-नेस-डे, वेड-नेस-डे असा घोष चालू आहे, शुक्रवारी डिक्टेशन आहे.

आपला,
एक पालक, डोंबिवली