आठवड्याच्या पगारावर चालणाऱ्या घरांसाठीही लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकातलं पैशाच्या नियोजनाचं पान मी दर आठवड्याला वाचते. पगाराच्या तारखेला अमुक टक्के बाजूला काढा, सहा महिन्यांचा खर्च गाठीला ठेवा, असं त्यात असतं. आमच्या इचलकरंजीत कितीतरी घरांना पगाराची तारीखच नसते. माझे मिस्टर यंत्रमागावर आहेत. जेवढं कापड निघेल तेवढी मजुरी, तीही आठवड्याला. घरभाडं, लाइट बिल, मुलीच्या क्लासची फी मात्र महिन्याला द्यायची.

गेल्या वर्षी मंदी आली. मागावरचं बीम, म्हणजे सुताचा मोठा रूळ, संपलं की मालक दुसरं चढवेनात. ३,८०० चा आठवडा २,६०० वर आला. मी घरी साड्यांना फॉल-पिको करते, त्याचे आठवड्याला सहाशेच्या आसपास सुटतात. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. माझ्या नावावर दोन फायनान्सची गटकर्जं होती. एकाचा हप्ता आठवड्याला ७८०, दुसऱ्याचा पंधरवड्याला १,६४०. शिवाय फ्रिजचे महिन्याला १,३००. हप्ता चुकला तर गटातल्या बायकांना आपल्या पदरचे घालावे लागतात, म्हणून हप्ता भरायच्या मिटिंगच्या आदल्या रात्री मला झोप लागायची नाही. हे मी घरात कुणाला सांगत नव्हते. मिस्टर जेवताना गप्प असायचे. मला वाटायचं, कामाचा शीण असेल.

एका रात्री मुलीनं दप्तरातून जुनी वही काढली आणि म्हणाली, "आई, सगळे कागद आण." ती दहावीला आहे. फरशीवर कर्जाची कार्डं, दुकानदाराची उधारीची वही, दवाखान्याच्या चिठ्ठ्या मांडल्या. ती एकेक आकडा आठवड्यावर आणून लिहीत होती. मिस्टर भिंतीला टेकून बघत होते. थोड्या वेळानं उठले, खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढून तिच्यापुढं ठेवला. सावकाराकडून १०,००० घेतले होते, महिना पाच टक्क्यांनी. म्हणजे वर्षाला साठ टक्के! दरमहा ५०० नुसतं व्याज जात होतं आणि मुद्दल तसंच उभं. मला रडू आलं, रागही आला. तेवढ्यात ते मुलीला म्हणाले, "तंबाखूच्या माव्याचं पण लिही. रोज चाळीस." तिनं २८० लिहिले. पोरीसमोर स्वतःच्या तोंडानं हे सांगायला त्यांना किती जड गेलं असेल, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. त्या रात्रीपासून माझा राग गेला.

बेरीज आली ती अशी: आठवड्याची मिळकत ३,२००, त्यातून हप्ते आणि व्याज मिळून २,००० च्या वर, घरभाड्याचे ७००. पाच माणसांच्या पोटाला आणि औषधाला ५०० सुद्धा उरत नव्हते. लाडकी बहीणचे महिन्याचे १,५०० गॅस आणि लाइट बिलातच जातात. उधारीची वही का फुगत गेली, ते तेव्हा कळलं.

आमच्या बचत गटाच्या ताईंनी रिझर्व्ह बँकेचा नियम सांगितला. १ एप्रिल २०२२ पासून, वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला असं गटकर्ज देताना सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. आमचं कर्ज दिलं तेव्हा हप्ते निम्म्याच्या आत होते. मजुरी घटली आणि तेच हप्ते निम्म्याच्या पुढं गेले. कर्ज देताना तेजीतली मजुरी धरतात. मग मंदीत काय करायचं, हे कर्ज देताना कुणी सांगत नाही. कानातली फुलं आणि वेल पतसंस्थेत तारण ठेवून मी पहिलं गटकर्ज मुदतीआधी फेडायला गेले, तर वसुलीला येणारा मुलगा म्हणाला, दंड पडेल. असा दंड घेता येत नाही, हे ताईंनी आधीच सांगितलं होतं, म्हणून मी अडून राहिले. वाचलेल्या हप्त्यातून आता सोनं सोडवायचं आहे.

आता मजुरी आली की लग्नपत्रिकांच्या जुन्या पाकिटांत पैसे पडतात: भाडं, हप्ता, किराणा, औषध, शाळा. भाडं ३,००० आहे. आठवड्याला ७०० टाकले की चार आठवड्यांत २,८०० होतात आणि २०० कमी पडतात. पण वर्षात ५२ आठवडे, म्हणजे निदान चार महिन्यांत पाच वेळा मजुरी येते. पूर्वी तो पाचवा आठवडा कुठं जायचा, कळायचंही नाही. आता त्यातून भाड्याची तूट भरते आणि उरलेलं सगळं सावकाराच्या मुद्दलात जातं. पाकिटावर आकडा लिहायचं काम सातवीतल्या मुलाकडं आहे. परवा त्यानं सहलीचे पैसे स्वतःहून मागितले नाहीत. त्याचं मला फार वाईट वाटलं. सासूबाईंनी आपल्या औषधाच्या पाकिटातले १०० काढून दिले. जनऔषधीतून गोळ्या आणायला लागल्यापासून त्यांच्या पाकिटात थोडे उरतात. बाकीचे आम्ही घातले आणि तो सहलीला गेला.

माझी आपणास कळकळीची विनंती आहे. महिन्यातून एकदा तरी त्या पानावर आठवड्याच्या आणि रोजच्या मजुरीवर चालणाऱ्या घरांसाठी लिहा. कर्जाचं कार्ड कसं वाचायचं, मजुरी अर्ध्यावर आली तर आधी काय फेडायचं, सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर गटकर्जाच्या वसुलीला येता येत नाही, आणि तक्रारीसाठी रिझर्व्ह बँकेचा १४४४८ हा क्रमांक आहे, एवढं मोठ्या अक्षरांत छापा. आमच्या गल्लीत पेपर एक येतो आणि सात घरांत फिरतो.

सावकाराचे ४,००० अजून द्यायचे आहेत. दिवाळीच्या बोनसमध्ये ते फिटतील, असा मुलीचा हिशेब आहे.

कळावे.

आपली,
एक वाचक गृहिणी, इचलकरंजी