मधल्या सुट्टीत मुलं पळणार कधी?

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
सादर नमस्कार.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. आमची मधली सुट्टी 35 मिनिटांची. परवा चौथीच्या वर्गासाठी घड्याळ लावून बसले. हात धुणं, खिचडीची रांग, जेवण, मग ताटं धुवायला पुन्हा नळावर झुंबड. चालू नळ दोनच. शेवटची मुलगी ओले हात फ्रॉकला पुसत मैदानात आली, तेव्हा घंटेला 6 मिनिटं उरली होती.

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटांची दमवणारी हालचाल सांगते. शाळा सुटली की शिकवणी, घरी अंगण नाही. मग पळायचं कधी?

मुलं आळशी झालीत, हे मला मान्य नाही. सातवीची मुलं क्रिकेट मांडतात आणि अख्खं मैदान दहा-बारा जणांचं होतं. लहानगी कडेला सरकतात, मुली पायरीवर बसतात. कुणी पळालंच तर आम्हीच ओरडतो, "पळू नका, पडाल!" कारण खाली पेव्हर ब्लॉक आहेत. गृहपाठ राहिला की सुट्टीत वर्गात बसवतो. मीही बसवलंय, आणि त्याचं वाईट वाटतं.

जूनमध्ये मी व्हरांड्यासमोर चुन्याने टिक्करचे पट आखले, दोन दोऱ्या आणि लगोरीला फरशीचे तुकडे ठेवले. पायरी रिकामी झाली! तिसऱ्या दिवशी मुली दोरीवर शंभरपर्यंत मोजत होत्या. पहिल्या मोठ्या पावसात चुना वाहून गेला, दोऱ्या तुटल्या, पायरी पुन्हा भरली.

शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या अनुसूचीत मैदान आहे, प्रत्येक वर्गाला गरजेनुसार खेळाचं साहित्यही आहे. आमचं साहित्य कपाटात कुलूपबंद असतं. चेंडू हरवला तर डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत, उत्तर कोण देणार, ही भीती. खेळून झिजलेल्या वस्तूचं निर्लेखन, म्हणजे ती नोंदीतून काढून टाकणं, मुख्याध्यापकांनी जागच्या जागी करावं, एवढा एक आदेश काढा.

जेवणाची वेळ वेगळी धरून खेळायला निदान 20 मिनिटं मोकळी द्या. सुट्टी कापायची शिक्षा बंद करा. मैदानावर खेळायचे वार मुलींना आणि लहान वर्गांना वाटून द्या.

पाऊस थांबला की मी पट पुन्हा आखणार आहे. ऑइल पेंटचा एक डबा शाळा अनुदानातून घेता येईल, हेही त्या आदेशात लिहा.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका