देखाव्यातला गिअर कशाचा आहे ते बिलावर लिहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गणपती तोंडावर आलेत, पेठांमध्ये हलत्या देखाव्यांची कामं सुरू झालीत, म्हणून हे पत्र आत्ताच लिहितोय, मांडव पडल्यावर लिहून काही उपयोग नाही. मी भोसरीला एका कारखान्यात ३१ वर्षं गिअर हॉबिंगवर, म्हणजे गिअरचे दाते कापायच्या कामावर होतो. आता रिटायर झालोय आणि आमच्या मंडळाच्या देखाव्याचं मशीनचं काम पोरांबरोबर बघतो.

मागच्या वर्षी आमचा देखावा होता द्रोणागिरी उचलणारा हनुमान. हात वर-खाली करायला जुन्या बाजारातून आणलेली गाडीची वायपर मोटर, तिच्या शाफ्टवर १६ दात्यांचं पिनियन म्हणजे छोटा गिअर, पुढे ६४ दात्यांचा मोठा गिअर आणि त्याला क्रँक, म्हणजे गोल फिरण्यातून हात वर-खाली करणारा दांडा. दोन्ही गिअर पोरांनी थ्रीडी प्रिंट करून आणले होते. दिसायला इतके सुबक की मीही हातात घेऊन कौतुक केलं. तिसऱ्या दिवशी रात्री साडेनऊच्या सुमाराला, समोर ही गर्दी, पहिल्या रांगेत लहान पोरं, आणि हनुमानाचा हात डोंगरासकट खाडकन खाली आला. मध्ये लाकडी आडवी फळी होती, तिच्यावर अडकला म्हणून कुणाला लागलं नाही. ती फळी नसती तर, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

रात्री सगळं खोलून बघितलं. मोटरचा शाफ्ट हाताला चटका बसेल इतका तापलेला, पिनियनचं बोअर, म्हणजे मधलं भोक, लंबगोल झालेलं, ते शाफ्टवर आवळणाऱ्या ग्रब स्क्रूच्या जागी नुसता खळगा. चार दाते एका बाजूला कलले होते, एक मुळापासून तुटला होता. त्या तुटलेल्या जागी बारकाईने बघितलं तर बाहेरून प्लास्टिकच्या दोन रेघा आणि आत जाळी, म्हणजे दाता आतून पोकळ! मटेरियल होतं पीएलए. हे प्लास्टिक साधारण ६० डिग्रीला मऊ पडायला लागतं, एप्रिलच्या उन्हात लावलेल्या गाडीत डॅशबोर्डवर ठेवलं तरी वाकतं, ते तापणाऱ्या मोटरच्या शाफ्टवर आवळून बसवलेलं. वायपर मोटरच्या आत वर्म म्हणजे स्क्रूसारखा गिअर असतो त्यामुळे मोटर स्वतः उलटी फिरत नाही, लोड धरून ठेवते, पण पिनियनच शाफ्टवर फिरलं तर धरणार कोण?

दुकानाचं बिल काढून बघितलं. त्यावर एवढंच लिहिलेलं, 'थ्रीडी प्रिंट गिअर, २ नग'. आम्ही कारखान्यात साधा गिअर जरी दिला तरी चलनावर पोलाद ईएन ८ की ईएन ३५३, हार्डनिंग केलंय का नाही, सगळं असायचं. घेणाऱ्याला कळायला नको का आपण काय घेतोय? दुकानातल्या मुलाला मी दोष देत नाही, त्याला कुणी सांगितलंच नाही की हा गिअर कुठे बसणार, किती वेळ चालणार, किती वजन उचलणार. पण त्याने तरी विचारायला हवं होतं.

आता हिशोब बघा. पिनियन मिनिटाला ४० फेरे, तासाला २४००, रात्रीचे पाच तास धरले तर १२ हजार, म्हणजे तीन रात्रींत पिनियनच्या प्रत्येक दात्यावर ३६ हजार वेळा लोड आला. मोठ्या गिअरच्या दात्यावर त्याच्या पाव भाग. म्हणून आधी पिनियनच गेलं, ते जाणारच होतं. त्यात प्लास्टिक उष्णता पटकन बाहेर सोडत नाही, दोन्ही गिअर पीएलएचे, एकमेकांवर घासून गरम होणार आणि गरम झाले की अजून झिजणार.

पोरं म्हणतात काका यावेळी इन्फिल, म्हणजे आतला भराव, शंभर टक्के ठेवू. ते ठीक आहे, पण दाता मोडतो मुळाशी, तिथे बाहेरच्या रेघा किती आहेत ते महत्त्वाचं. आमचा गिअर मॉड्यूल २ चा (मॉड्यूल म्हणजे दात्याचं माप), त्याचा दाता मधोमध साधारण ३ मिमी जाड, प्रिंटरचं प्लास्टिक सोडणारी नोझल ०.४ मिमीची, म्हणजे दोन्ही बाजूंनी चार-चार रेघा ओढल्या की दाता भरीव झाला, आणि मुळाशी थोडी गोलाई द्यायची, काटकोन ठेवायचा नाही. गिअर झोपवूनच प्रिंट करायचा. उभा केला तर काही दात्यांचा लोड बरोबर दोन थरांच्या जोडावर येतो आणि तिथून चकती निघावी तसा दाता निघतो.

गिअरला पीएलएपेक्षा नायलॉन चांगलं, पण भाद्रपदातल्या दमट हवेत उघडी ठेवलेली रीळ पाणी पिते, मग प्रिंट करताना नोझलमधून तडतड आवाज येतो आणि गिअरमध्ये बारीक बुडबुडे राहतात. रीळ आधी काही तास ७०-८० डिग्रीला सुकवून घ्यावी लागते. नंतर तयार गिअरसुद्धा हवेतला ओलावा घेऊन थोडा फुगतो, म्हणून बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधली मोकळीक, जरा जास्त ठेवायचा.

मी थ्रीडी प्रिंटच्या विरोधात अजिबात नाही. ज्या जुन्या मशीनचा स्पेअर कुठेच मिळत नाही, तपकीर गल्लीत चार चकरा मारूनही मिळत नाही, तिथे हा एका नगाचा गिअर म्हणजे वरदान आहे. माझं मागणं दोनच. प्रिंट करून देणाऱ्यांनी बिलावर मटेरियल, बाहेरच्या रेघा किती आणि झोपवून केला की उभा, हे लिहावं. आणि आपल्याकडे शिवाजीनगरपासून आकुर्डीपर्यंत एवढी इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, लॅबमध्ये प्रिंटर आहेत, मुलं गिअर छापतात, सबमिशन करतात आणि कपाटात ठेवतात, तर सरांनी तो गिअर लोड लावून मोडेपर्यंत चालवून घ्यावा, कुठे मोडला, किती तासांनी मोडला ते मुलांनी वहीत लिहावं. असे पाच-पन्नास गिअर मोडलेले बघितले की पोराचा हात बसतो. आणि मंडळांनी एक कराच, लटकतं वजन एकट्या गिअरच्या भरवशावर ठेवू नका, मागे काउंटरवेट म्हणजे तोल सांभाळणारं वजन लावा, खाली पक्का स्टॉपर द्या.

आम्ही यंदा पिनियन ईएन ८ चं केलंय, माझ्या जुन्या सोबत्याने हॉबिंग करून दिलं, आणि मोठा गिअर प्रिंट केलेल्या नायलॉनचा. रविवारपासून मंडळाच्या गोडाऊनमध्ये देखाव्यातल्या हाताच्या वजनाएवढं वजन लावून रोज पाच तास चालवतोय. काल रात्री बंद केल्यावर दात्यांवरून बोट फिरवलं, कोमट होते, खाली भुकटी नव्हती. दहा दिवस पुरे झाल्याशिवाय तो मांडवात न्यायचा नाही असं पोरांना सांगून ठेवलंय.

आपला,
एक निवृत्त गिअर कामगार, कसबा पेठ, पुणे