‘आठवड्याच्या गोळ्या’ म्हणजे नेमके काय?

महोदय,

डॉक्टरांच्या अक्षराबद्दल तक्रार करणाऱ्यांत एके काळी मीही होतो. औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत, असे भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये सांगितले. आता तर आमच्या तालुक्याच्या गावीही छापील चिठ्ठ्या येऊ लागल्या आहेत. तरीही घोटाळे थांबलेले नाहीत आणि त्यातला एक माझ्याच हातून झाला, म्हणून हे पत्र.

संधिवाताच्या एका मावशींना मेथोट्रेक्सेटच्या अडीच मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या आठवड्यातून एकदाच घ्यायच्या होत्या. चिठ्ठी छापील, इंग्रजीत आणि अगदी अचूक होती. दुकानात गर्दी असल्याने मी बारा गोळ्या पाकिटात घालत म्हणालो, “मावशी, या आठवड्याच्या गोळ्या आहेत, एका वेळी तीन घ्यायच्या.” चार आठवड्यांचे ते औषध चौथ्या दिवशी संपले आणि पाचव्या दिवशी मावशी तोंड आल्याची तक्रार घेऊन पुन्हा गोळ्या मागायला आल्या. ‘या आठवड्याच्या’ म्हणजे ‘चालू आठवड्यात संपवायच्या’, असा अर्थ त्यांनी लावला होता आणि मराठीच्या दृष्टीने तो मुळीच चुकीचा नव्हता. डॉक्टरांना लगेच फोन केला, मावशींना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि सुदैवाने त्या बऱ्या झाल्या.

तेव्हापासून, सगळे मराठीत लिहिले की काम झाले, या मताचा मी राहिलेलो नाही. ‘सहा तासांनी एक गोळी’ हे शुद्ध मराठीच आहे, पण त्यात ‘दर’ हा शब्द नसेल तर ती गोळी एकदाच घ्यायची की दिवसभरात चार वेळा, हे रुग्णाने कसे ओळखावे? शस्त्रक्रियेच्या संमतिपत्राचीही तीच गत आहे. उपचाराची पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली संमतीच ग्राह्य, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले. प्रत्यक्षात मात्र पुष्कळदा “फुली मारली आहे तिथे सही करा” एवढाच संवाद कानावर येतो.

संवादकौशल्य २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात आले आहे आणि रुग्णाला औषधाबद्दल नीट समजावून सांगणे हे २०१५ च्या नियमांनुसार आम्हा फार्मासिस्टांचेही काम आहे. पण आपण सगळेच शेवटी “समजलं ना?” असे विचारतो, आणि मागे रांग उभी असताना “नाही” म्हणण्याची हिंमत कोणाला होते? मी आता “घरी गेल्यावर सूनबाईंना काय सांगाल?” असे विचारतो. यात जेमतेम अर्धा मिनिट जाते आणि उत्तर ऐकून कधी कधी छातीत धस्स होते.

डॉक्टरांना माझी विनंती एवढीच आहे, की आठवड्यातून एकदा घ्यायच्या औषधापुढे ‘फक्त सोमवारी, इतर दिवशी नाही’ असे वाराचे नाव घालून मराठीत लिहावे. ज्यांच्या चिठ्ठ्या संगणकावर निघतात, त्यांनी त्यासाठी एक रकाना वाढवून घ्यावा. तोवर मी पाकिटावर पेनाने वार लिहीतच आहे.

आपला,
एक औषधविक्रेता, जि. सातारा