घरातली लिहिलेली पुस्तके रद्दीत घालू नका : सभासद, माजी सभासद व हितचिंतकांस आवाहन

सप्रेम नमस्कार,

गेल्या वर्षी आपल्या वाचनालयाने एक पत्रक घरोघर वाटले होते. वाडवडिलांची पुस्तके घरात असतील आणि त्यांवर कुणाच्या हातचे काही लिहिलेले असेल, तर निकालात काढण्याआधी एकदा आम्हाला दाखवा, एवढीच त्यात विनंती होती. पैसा मागितला नव्हता. तरी आलेली घरे बोटांवर मोजण्याइतकी. पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर वाणसामानाची यादी केलेली आमच्या ग्रंथपालताईंनी दुकानात स्वतः पाहिली. असो. यंदा पैसेही मागायचे आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाईने काय केले ते इथे कुणाला सांगायला नको. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि आपला तळमजला बुडाला. तेव्हा धावून आलेल्यांचे ऋण कधी फिटणार नाही. तालमीतल्या पोरांनी साखळी धरून चिखलातून गठ्ठे वर काढले. हळदीच्या पेठेतल्या अण्णांनी आपला माल एका बाजूला सारून गोदाम मोकळे करून दिले, पंखे लावून दिले आणि विजेचे बिल शेवटपर्यंत दाखवले नाही. हायस्कूलच्या ड्रॉइंगच्या सरांनी टीपकागदाची रिमे आणली. महिला मंडळाच्या काकू पानापानांत टीपकागद घालत आणि तो भिजला की बदलत. पुस्तके उन्हात टाकू नका, पाने आक्रसतात, कडक होतात, हे सर ओरडून सांगत होते आणि पोरे ऐकत होती. पुढे पुण्या-मुंबईच्या वाचकांनी खोकी भरभरून नव्या प्रती पाठवल्या. फडताळे पुन्हा भरली.

मग लोक येऊन विचारू लागले. आमच्या आजोबांनी वाचनालयाला दिलेली ज्ञानेश्वरी पुरातून वाचली का हो? ज्ञानेश्वरी बाजारात मिळते. तिच्या समासात आजोबांनी काय लिहिले होते ते मिळत नाही. पुराने आम्हाला एक गोष्ट नीट शिकवली : फाउंटन पेनच्या निळ्या शाईचे जवळजवळ सगळे धुऊन गेले, पानभर नुसता निळसर डाग उरला. शिसपेन्सिलीचे राहिले. बोरूने काजळीच्या शाईत लिहिलेलेही राहिले. म्हणजे ज्या पिढीची पत्रे आणि टिपणे आपल्या घरांत सर्वांत जास्त, तिचेच अक्षर सर्वांत कच्चे.

पोथी लिहून झाली की जुने लेखक शेवटी एक श्लोक घालत : ‘तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात्। मूर्खहस्ते न दातव्यमेवं वदति पुस्तकम्॥’ तेल, पाणी, सैल बांधणी आणि मूर्खाचा हात यांपासून मला जपा, असे पुस्तक म्हणते. पाण्याने आपला वाटा उचलला. चौथ्याबद्दल रद्दीवाल्याच्या तराजूकडे पाहून बोलवत नाही.

जी थोडी पुस्तके आली त्यांनी मात्र आमचे डोळे उघडले. एका घरातून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आली. पहिल्या पानावर तिघा भावांची नावे, प्रत्येकाने थोरल्याचे नाव खोडून खाली आपले घातलेले, आणि धाकट्याने वर ठसठशीत लिहिले आहे, ‘दादा नापास झाला तरी पुस्तक आता माझेच.’ हे दादा म्हणजे कोण, ते जुन्या गावकऱ्यांना लगेच कळेल; पुढे ते मोठ्या हुद्द्यावर गेले. दुसरीकडून १९७० सालची ‘रुचिरा’ आली, कमलाबाई ओगल्यांची. ती सासरी आलेल्या मुलीची. करंज्यांच्या पानावर ‘सारण ओले, सगळ्या फुटल्या’. शेजारी वेगळ्या पेनाने ‘वन्संनी शिकवले, जमल्या’. एका भाजीपुढे फक्त ‘ह्यांना नको’. आईने आयुष्यात कधी पत्र लिहिले नाही, असे तिची लेक सांगत होती. पानांचे फोटो हाती पडल्यावर तिने ताईंना फोन करून विचारले, तेलाचा डागही नीट आला आहे ना?

आणि पंचांगे. मुले झाली की घटका-पळांसकट पंचांगाच्या कडेला टिपायची पद्धत होती. आपल्या एका ज्येष्ठ सभासदांचा जन्म शाळेच्या दाखल्यावर १ जूनचा (त्या काळी मास्तरांनी निम्मा गाव १ जूनलाच जन्माला घातला). वडिलांच्या पंचांगात निघाला शके १८६२ च्या कार्तिकात, म्हणजे ७८ मिळवून १९४०. पेन्शनच्या कागदांत आता काही बदलणार नाही, पण यंदा कार्तिकात त्यांच्या घरी गोडधोड झाले आणि पेढे वाचनालयातही आले.

खरी घाई मोडी लिपीची आहे. गुरुचरित्राच्या एका प्रतीच्या अखेरीस चार पाने भरून मोडीत मजकूर आहे. घरात रोज पूजा होते, पण वाचता कुणालाच येत नाही. आपले निवृत्त तलाठी भाऊ ऐंशी ओलांडूनही दर मंगळवारी येऊन अशी पाने वाचून देतात, चहाखेरीज काही घेत नाहीत. त्यांच्यानंतर गावात दुसरा वाचणारा नाही. त्यांच्या हाताखाली चार तरुण तयार व्हावेत म्हणून वर्ग काढायचा आहे. तीन वेळा फलकावर लिहिले, नावे दोनच आली.

१९६७ च्या ग्रंथालय कायद्याने मिळणारे अनुदान पगार, नवी पुस्तके आणि वर्तमानपत्रे यांतच संपते. जुन्या अक्षरांसाठी त्यात खाते नाही. गणपतीत दारात उभे राहिले की हजाराची पावती फाटते, डॉल्बीलाही फाटते. पुस्तकांचे नाव काढले की ‘बघू पुढच्या महिन्यात’. हे बोलायला आम्हाला आवडत नाही.

तर मागणे असे. पुस्तक पूर्ण न उघडता पानांचे फोटो घेणारा स्कॅनर (सपाट स्कॅनरवर दाबले की जुनी बांधणी तुटते), आम्लविरहित कागदाच्या पेट्या आणि मोडी वर्गाचा खर्च. अंदाजपत्रक कचेरीत लावले आहे. एका पुस्तकाचा भार ५०० रुपये, पण कमी-जास्त कितीही चालेल. पावती मिळेल. पुस्तक तुमचेच राहील : नोंदवहीत सही करून द्यायचे, पंधरा दिवसांत फोटोंसह परत न्यायचे. घरगुती मजकूर घराबाहेर जाणार नाही. एका पोथीत ‘अमक्याकडून ४० रुपये येणे’ अशी नोंद निघाली, त्या अमक्यांचे नातू आपले सभासद आहेत, आणि त्यांना हे आजही ठाऊक नाही. आणताना फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच नको, कसर लागली असल्यास तसे सांगावे. वेळ सायंकाळी ५ ते ८, सोमवारी बंद. बाहेरगावी असलेल्यांनी गावातल्या नातेवाइकांकरवी पाठवले तरी चालेल. मोडी वर्गासाठी नावे ताईंकडे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
कार्यवाह
(कार्यकारी मंडळाच्या वतीने)

ता.क. धनादेशावर वाचनालयाचे नाव फलकावर आहे तसे पूर्ण लिहावे. मागे दोन परत आले आणि बँकेने दंड आपल्याच खात्यातून कापला.